नाट्यगृहाबाहेरचे प्रेक्षक

आपल्या भंडारा जिल्ह्यास नाटकाची ओळख करून देण्याची गरज नाहीं. धानाची कापणी आटोपून मंडईचे दिवस आले, कीं झाडीपट्टींतील गांवें दंडार, खडी गंमत व संगीत नाटकें यांसाठीं रात्रभर जागतात. नट व प्रेक्षक समोरासमोर असावे, हें या कलेचें मर्म होय. परंतु प्रेक्षक युद्धाच्या छावणींत असला, किंवा दूर आपल्या घरीं बसला असला, तर कलावंतानें काय करावें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंत मिळतें. न्यूयॉर्क शहरांतील ब्रॉडवे हा भाग संगीत नाटकांविषयीं प्रसिद्ध आहे. दुसरें महायुद्ध चालू असतां संगीतकार अर्व्हिंग बर्लिन यांनीं 'धिस इज द आर्मी' हा गीतनाट्याचा प्रयोग ४ जुलै १९४२ रोजीं तेथें सुरू केला. त्यांतील नट स्वतः सैनिकच होते. पुढें ही मंडळी समुद्रापार इंग्लंड, उत्तर आफ्रिका व इटली येथील सैन्यासमोर गेली, आणि १९४५ पर्यंत तिचे प्रयोग चालू राहिले.

आपल्या महाराष्ट्रांतही असें उदाहरण आहे. तमाशाच्या प्रख्यात कलावती विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांनीं १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळीं जवानांसाठीं कार्यक्रम केले. घरापासून दूर असलेल्या मराठी शिपायास ढोलकीची ओळखीची थाप ऐकून किती धीर आला असेल, याची कल्पना ज्या घरांतील मुलगा सैन्यांत आहे त्या घरास सहज येईल.

आतां दुसरा प्रश्न. मेरी मार्टिन या गायिका-अभिनेत्रीचें 'पीटर पॅन' हें संगीत नाटक ब्रॉडवेवर १५२ वेळां झालें. ७ मार्च १९५५ रोजीं तें दूरदर्शनवरून दाखविलें गेलें, तेव्हां एकाच रात्रीं सुमारें साडेसहा कोटी लोकांनीं तें पाहिलें! भारतांत दूरदर्शनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला; मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. 'संगीत मानापमान' हें नाटक एकटीनें सादर करणाऱ्या सुहासिनी मुळगांवकर या केंद्राच्या निर्मात्या होत्या. 'प्रतिभा आणि प्रतिमा' हा त्यांचा कार्यक्रम पुष्कळांच्या स्मरणांत आहे.

रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोंचण्यासाठीं नटास आवाज चढवावा लागतो व हातवारे मोठे करावे लागतात. कॅमेरा जवळ येतो; त्यास भुंवईची किंचित् हालचालही दिसते. म्हणून तेथें संयम हवा. शिवाय कॅमेरा कधीं 'वन्स मोअर' म्हणत नाहीं. समोर टाळी नसतांनाही मन लावून गाणें, हीच खरी कसोटी.

मात्र कलावंताची कसोटी पाहणाऱ्या समाजाचीही एक कसोटी असते. विठाबाईंना १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपति-पुरस्कार मिळाले. तरीही त्यांचे अखेरचे दिवस हलाखींत गेले, आणि २००२ सालीं त्या निवर्तल्या. पुढें राज्य सरकारनें त्यांच्या नांवें जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. गौरव झाला, परंतु त्यांच्या माघारीं. टाळी ही कलावंताची पावती आहे, मजुरी नव्हे.

म्हणून मुलांनीं यंदाच्या मंडईंत केवळ गंमत पाहून घरीं परतूं नये. आपल्या गांवच्या दंडारींत कोण गातो, ढोलकी कोण वाजवितो, आणि उरलेले आठ महिने त्याचा चरितार्थ कशावर चालतो, हें त्यास आदरानें विचारावें व आपल्या वहींत लिहून ठेवावें.