आजारी असूनही आजार न जाणणारे रोगी

शरीरास पीडा झाली म्हणजे मनुष्य वैद्याकडे जातो, हा नेहमीचा अनुभव होय. परंतु काही विकारांत, आपणास रोग झाला आहे हेच रोग्यास पटत नाही. ‘अ‍ॅनोरेक्सिआ नर्व्होसा’ हा अन्नसेवनाचा विकार त्यांपैकी एक आहे.

इ. स. १८६६ च्या जानेवारीत लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी १७ वर्षांची एक मुलगी तपासली. उंची ५ फूट ५ इंच. वजन मात्र ८२ पौंड, म्हणजे जेमतेम ३७ किलोग्रॅम. नाडीचे ठोके मिनिटास ५६. कोणत्याही इंद्रियात दोष सापडेना. नवल हे की, या मुलीची वेदनेविषयी काहीच तक्रार नव्हती. उलट ती सतत हालचाल करीत असे. १८७३ मध्ये गल यांनी या रोगास आज रूढ असलेले नाव दिले. त्याच वर्षी पॅरिसच्या शार्ल लासेग यांनीही स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. रोगी बरे होण्याची इच्छा तर धरीत नाहीच, पण आपल्या स्थितीत एक प्रकारे संतुष्ट असतो, हे लासेग यांच्या दृष्टीतून सुटले नाही.

या नावाचा शब्दशः अर्थ क्षुधानाश असा होतो. तो फसवा आहे. भूक बहुधा शाबूत असते, तिला निग्रहाने दडपलेले असते.

१९६२ मध्ये हिल्डे ब्रुक यांनी दाखविले की, अशा रोग्यास स्वतःच्या देहाचे यथार्थ आकलन होत नाही, आणि भूक, थकवा यांसारख्या आतील सूचनाही नीट उमगत नाहीत. तेव्हा रोगी खोटे बोलतो असे समजणे अन्यायाचे आहे. ही जाण सर्वांत सारखी नसते. कोणी कृशता मान्य करतो, पण तिच्यातील धोका नाकारतो. कोणास दुसऱ्याचा रोग दिसतो, स्वतःचा नाही. जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये वर्णिलेल्या ‘बुलिमिआ नर्व्होसा’त तर बहुधा उलट प्रकार असतो. तेथे रोग्यास आपले वर्तन अस्वाभाविक असल्याचे कळते, आणि लाजेपोटी तो ते लपवितो.

उपासमार स्वतःही मनास ग्रासते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. ते उदास व चिडचिडे झाले. अन्नावाचून त्यांना दुसरा विषय सुचेना. म्हणून रोग्याने आधी रोग ओळखावा, मग उपचार घ्यावा, अशी वाट पाहणे घातक ठरते. तेवढ्या अवधीत हृदयाची गती मंदावते, आणि वांत्या होत असल्यास रक्तातील पोटॅशियम घटून मृत्यूही ओढवतो. पोषण सुधारल्यावर पुष्कळदा विचारातील ताठरपणा कमी होतो.

रोग्याच्या इच्छेवर विसंबू नये, ठराविक वेळी अन्न द्यावे, असे गल यांचे मत होते. त्यांची ती रुग्णा मार्च १८६८ पर्यंत १२८ पौंडांवर आली. आप्तेष्ट हे मात्र सर्वांत वाईट शुश्रूषक, असे ते म्हणत. येथे काळाने त्यांना खोडून काढले. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून १९८० नंतर पुढे आलेल्या पद्धतीत अल्पवयीन रोग्याच्या जेवणाची सूत्रे प्रथम आईवडिलांच्याच हाती दिली जातात, आणि वजन सावरू लागल्यावर ती क्रमाक्रमाने मुलाकडे परत येतात.