ठोके किती आणि काम किती?

संगणकाचा प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यांवर चालतो. प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढे सरकते. सेकंदाला शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. हा टप्पा प्रथम कोण गाठतो, यासाठी इंटेल आणि एएमडी या दोन अमेरिकन कंपन्यांत मोठी चुरस लागली होती. ६ मार्च २००० रोजी एएमडीने एक गिगाहर्ट्झचा 'अथलॉन' जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलने तेवढ्याच गतीचा 'पेंटियम थ्री' पुढे केला. जुलैअखेर इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झपर्यंत मजल मारली. पण तो प्रोसेसर काही कामांत अडखळतो, हे परीक्षकांनी दाखवून दिले आणि ऑगस्टमध्ये कंपनीला तो परत घ्यावा लागला.

येथे प्रश्न उभा राहतो की, ठोके जास्त म्हणजे काम जास्त, हे खरे काय? बापाचे बोट धरून चाललेले मूल आठवावे. बापाच्या एका पावलाला ते दोन पावले टाकते. तरी दोघे चालतात बरोबरच. पावलांची संख्या आणि कापलेले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी होत.

नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या 'पेंटियम फोर'ची गत अशीच होती. पूर्वी सुमारे दहा टप्प्यांत होणारे काम त्यात वीस टप्प्यांत विभागले होते. टप्पा लहान, म्हणून ठोके भराभर देता येत. परंतु पुढच्या कामाबद्दलचा अंदाज चुकला, की अर्धवट झालेले सारे टाकून पुन्हा आरंभ करावा लागे. त्यामुळे १.५ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर काही चाचण्यांत एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीच्याही मागे पडला. ग्राहक मात्र डब्यावरचा आकडा पाहत होता.

हौशी मंडळींनी याच आकड्याशी आणखी एक खेळ मांडला. तो म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, अर्थात कंपनीने ठरवलेल्यापेक्षा अधिक ठोके देणे. १९९८ चा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त 'सेलेरॉन' अनेकांनी ४५० वर चालवला. कारखाना सुरक्षिततेसाठी थोडी क्षमता राखून ठेवतो, तिचा हा लाभ. पण गती वाढविण्यासाठी अनेकदा विद्युतदाब वाढवावा लागतो आणि विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाब दहा टक्के वाढला तर, गती तीच असतानाही, खर्च सुमारे एकवीस टक्क्यांनी चढतो. त्या सर्वाची उष्णता होते.

या उष्णतेनेच शर्यतीला लगाम घातला. पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला; चार गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये सोडला. २००६ च्या 'कोअर टू ड्युओ'ने कमी ठोक्यांत अधिक काम करून दाखविले. तरी मोह सुटला असे म्हणवत नाही. पुढे प्रोसेसर सहा गिगाहर्ट्झपर्यंत गेले आणि २०२४ मध्ये इंटेलला आपल्या काही प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त विद्युतदाब मिळत असल्याचे मान्य करून दुरुस्ती द्यावी लागली.

मोजमाप हे कामाचे साधन आहे. तेच साध्य झाले, की वस्तू आकड्यासाठी घडू लागते आणि काम मागे राहते. गुणपत्रिकेच्या आकड्यांवर वर्षभर नजर लावून बसणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना हे निराळे सांगण्याची गरज नसावी.