चंद्राने केलेले मोजमाप

दूरच्या काही दीर्घिकांतून प्रकाशाप्रमाणेच रेडिओ-लहरीही प्रबळपणे बाहेर पडतात. त्यांस ‘रेडिओ-दीर्घिका’ असे म्हणतात. त्या एवढ्या दूर आहेत की, कित्येक नुसत्या बिंदूसारख्या भासतात. मग त्यांचा आकार मोजावा कसा?

भारतीय शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी या कामी चंद्राचे साहाय्य घेतले. चंद्र सरकत सरकत एखाद्या रेडिओ-दीर्घिकेच्या आड येतो, तेव्हा तिच्या लहरी पृथ्वीवर पोहोचेनाशा होतात. दीर्घिका लहान दिसणारी असेल, तर त्या चटकन थांबतात. मोठी असेल, तर हळूहळू मंदावतात. यावरून तिचा आकार कळतो.

त्यासाठी १९७० साली तमिळनाडूत उटीजवळ ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. ती सुमारे ९२ सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे कमी कंप्रतेच्या लहरी टिपते. तेथील डोंगराचा उतार सुमारे ११ अंशांचा, आणि स्थळाचा अक्षांशही तेवढाच! त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर झाला व ती एकाच अक्षाभोवती फिरवून कित्येक तास चंद्राचा माग काढणे सुलभ झाले.

शेकडो रेडिओ-दीर्घिका मोजल्यावर आढळले की, ज्यांच्या लहरी क्षीण, त्या बहुधा लहान दिसतात. विश्व सदैव एकसारखेच आहे, की ते बदलत आले आहे, असा तेव्हा वाद होता. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीने दुसऱ्या मतास पुष्टी दिली.

चंद्र सर्वांनाच दिसतो. त्याचा असा उपयोग मात्र अभ्यासू दृष्टीलाच सुचतो.