ख्रिस्ती सेवाकार्याचे पदवीशिक्षण : पदवी आणि दीक्षा

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• ख्रिस्ती सेवाकार्याच्या पदवीसाठी असणाऱ्या प्रमुख अपेक्षा सांगता येतील;
• ही पदवी देण्याचा अधिकार कोठून येतो, हे स्पष्ट करता येईल;
• पदवी आणि दीक्षा यांतील भेद उदाहरणांसह मांडता येईल;
• या शिक्षणात मातृभाषेचे स्थान कोणते, याचे विवेचन करता येईल.

५.२ प्रास्ताविक

कायद्याची पदवी विद्यापीठ देते. न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्यासाठी मात्र बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते. परीक्षा घेणारी संस्था आणि व्यवसायाचा अधिकार देणारी संस्था अशा दोन निरनिराळ्या संस्था येथे असतात. ख्रिस्ती सेवाकार्याच्या शिक्षणातही असाच भेद आहे. ईश्वरविज्ञानाची पदवी विद्यापीठ किंवा तत्सम मंडळ देते. उपासना चालविण्याचा, संस्कार देण्याचा आणि मंडळीचे पालकत्व स्वीकारण्याचा अधिकार चर्च देते. हा अधिकार ज्या विधीने दिला जातो, त्याला 'दीक्षा' किंवा 'अभिषेक' म्हणतात.

हा भेद ध्यानी न घेता प्रवेश घेतला, तर अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर विद्यार्थ्याच्या पदरी निराशा येऊ शकते. म्हणून अभ्यासक्रमातील विषयांकडे वळण्यापूर्वी पदवी कोण देते आणि ती कशाचे प्रमाण असते, हे पाहू.

५.३ पदवी देण्याचा अधिकार : श्रीरामपूरची राजसनद

येथे श्रीरामपूर म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गाव नव्हे. बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी वसलेले, एके काळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेले नगर होय. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली तेथे महाविद्यालय स्थापन केले. ते केवळ ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी नव्हते. पौर्वात्य वाङ्मय आणि पाश्चात्त्य शास्त्रे या दोहोंचे शिक्षण तेथे मिळावे, असा संस्थापकांचा हेतू होता.

२३ फेब्रुवारी १८२७ रोजी डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने या महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार देणारी राजसनद दिली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, हे लक्षात घेता या सनदेचे महत्त्व उमजते. १८४५ साली डेन्मार्कने हे नगर इंग्रजांना विकले; परंतु त्या करारात महाविद्यालयाचे हक्क अबाधित राखण्यात आले. मात्र ईश्वरविज्ञानाची पदवी, म्हणजे बी. डी., प्रत्यक्षात दिली गेली ती १९१५ साली. पुढे १९१८ च्या बंगाल सरकारच्या कायद्याने महाविद्यालयाची व्यवस्था निश्चित झाली आणि विविध प्रॉटेस्टंट पंथांना सामावून घेणाऱ्या सिनेटकडे या पदव्यांची जबाबदारी आली. आज 'सिनेट ऑफ सेरामपूर कॉलेज' या मंडळाशी देशभरातील अनेक सेमिनऱ्या संलग्न आहेत. १९५३ साली यवतमाळ येथे सुरू झालेली आणि १९८३ साली पुण्यात स्थलांतरित झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकीच एक होय.

यावरून ध्यानात येते, की पदवीला किंमत येते ती तिच्यामागील अधिकारामुळे. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नेही पदवी देण्याचा हक्क कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेच्या कायद्याने तसा खास अधिकार मिळालेल्या संस्था यांपुरता मर्यादित केला आहे. म्हणून 'पदवी' हा शब्द माहितीपत्रकात दिसला, एवढ्यावर विसंबू नये. ती कोणत्या अधिकाराने दिली जाते आणि पुढील शिक्षणासाठी अन्य विद्यापीठे ती समकक्ष मानतात काय, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

५.४ प्रवेशाच्या व अभ्यासक्रमाच्या अपेक्षा

सिनेटच्या बी. टीएच. या पदवीसाठी बारावीनंतर प्रवेश मिळतो आणि तिचे अध्यापन प्रादेशिक भाषांतूनही होते. बी. डी. ही पदवी साधारणपणे अन्य शाखांच्या पदवीधरांसाठी चार वर्षांची असते. नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी बी. सी. एस. हा बहिःशाल पदवी अभ्यासक्रम आहे. दीक्षा घेण्याचा विचार नसलेल्या सामान्य विश्वासणाऱ्यांनाही तो उपयुक्त ठरतो.

शैक्षणिक पात्रतेबरोबर अर्जदाराच्या मंडळीचे शिफारसपत्र मागण्याची प्रथा सर्वत्र आढळते. इतर विद्याशाखांमध्ये असे पत्र सहसा लागत नाही. येथे ते लागते, कारण विद्यार्थी ज्या समाजाची सेवा करणार, त्या समाजाने त्याला ओळखलेले असावे अशी अपेक्षा असते.

अभ्यासक्रमाची चार अंगे ध्यानात ठेवावीत.

(१) धर्मग्रंथ : जुना व नवा करार यांचा अभ्यास. यासाठी हिब्रू किंवा ग्रीक या मूळ भाषांचा परिचय करून दिला जातो. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकाने पाठभेद पाहावेत, तसाच हा प्रकार होय.

(२) इतिहास व सिद्धान्त : ख्रिस्ती धर्माचा इतिहास, ईश्वरविज्ञान आणि नीतिशास्त्र.

(३) समाज : अन्य धर्मांचा अभ्यास, समाजविश्लेषण, स्त्री-अभ्यास आणि संज्ञापन. भारतात सेवा करणाऱ्याला शेजाऱ्याचा धर्म आणि गावातील जातिव्यवस्था समजली नाही, तर त्याचे प्रवचन अधांतरी राहते.

(४) प्रत्यक्ष सेवा : प्रवचन, उपासना, समुपदेशन, रुग्णभेटी आणि मंडळीतील मार्गदर्शित काम. उत्तरपत्रिकेत दुःखमीमांसा उत्तम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मृत्यू झालेल्या घरी जाऊन शांत बसता येते की नाही, हे येथे कळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : मंडळीचे शिफारसपत्र कशासाठी मागितले जाते? चार ओळींत लिहा.

५.५ कॅथलिक परंपरेतील रचना

कॅथलिक चर्चमध्ये या शिक्षणाचा कणा चर्चच्या कायद्यातच घालून दिलेला आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यातील २५० व्या कलमानुसार याजक होऊ इच्छिणाऱ्याने तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान यांचा मिळून किमान सहा वर्षे अभ्यास करावयाचा असतो : दोन पूर्ण वर्षे तत्त्वज्ञानाला आणि चार पूर्ण वर्षे ईश्वरविज्ञानाला. पुण्यातील पेपल सेमिनरी ही या परंपरेतील महत्त्वाची संस्था. पोप तेरावे लिओ यांनी ती १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केली आणि १९५५ साली ती पुण्यास आली. पुण्यातील ज्ञानदीप विद्यापीठात तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान यांचे उच्च शिक्षण दिले जाते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली याजकांच्या घडणीविषयी काढलेल्या पत्रात या शिक्षणाची चार परिमाणे सांगितली आहेत : मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पाळकीय. परीक्षेने प्रामुख्याने मोजता येते ते यांपैकी फक्त बौद्धिक परिमाण. उरलेल्या तिन्हींचा निर्णय सहवासातून आणि दीर्घ निरीक्षणातून होतो.

५.६ पदवी आणि दीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एकाच वर्गात तीन विद्यार्थी आहेत आणि तिघांनाही समान गुण मिळाले. पहिला उत्तर भारतीय चर्चचा (सी. एन. आय.) उमेदवार आहे, त्याचा धर्मप्रांत त्याला पारखून दीक्षा देतो. दुसरी विद्यार्थिनी त्याच चर्चची आहे. ते चर्च स्त्रियांनाही दीक्षा देत असल्याने तिलाही तो मार्ग खुला आहे. तिसरी विद्यार्थिनी कॅथलिक आहे. कॅनन कायद्याच्या १०२४ व्या कलमाप्रमाणे अभिषेक केवळ बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच मिळू शकतो. तिचे ज्ञान कमी नाही, पदवीही कमी नाही; तरी तो मार्ग तिला बंद आहे. ती अध्यापन, संशोधन, समुपदेशन किंवा समाजकार्य करू शकेल.

दक्षिण भारतीय चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता या नंद्याळ धर्मप्रांताच्या बिशप झाल्या. तेव्हा हा भेद विद्यापीठांनी निर्माण केलेला नाही. प्रत्येक चर्चची दीक्षेविषयीची समजूत निराळी असल्यामुळे तो निर्माण होतो. हा नियम न्याय्य आहे की नाही, यावर चर्चमध्ये आणि चर्चबाहेर मतभेद आहेत. अभ्यासकाने दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समजून घ्यावेत. परंतु विद्यार्थिनीला मात्र हा नियम प्रवेशाच्या दिवशीच स्पष्ट सांगितला गेला पाहिजे.

याची दुसरी बाजूही आहे. दीक्षा मिळाली म्हणून ज्ञान आले, असे होत नाही. म्हणूनच चर्च पदवीचा आग्रह धरते. पदवी विचारते, 'तुला काय समजले?' चर्च विचारते, 'तुझ्यावर कोणाला सोपवावे काय?' एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

५.७ मातृभाषेचे स्थान

मराठीच्या विद्यार्थ्याला या विषयात रस वाटावा, याचे कारण येथे आहे. गोव्यात आलेले जेझुइट फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. धर्म शिकवावयाचा तर लोकांच्या भाषेत आणि त्यांना परिचित अशा ओवी छंदात, ही जाण त्यामागे होती. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. पंडित वैजनाथ यांचे त्यांना साहाय्य झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अहमदनगरच्या सेमिनरीत अध्यापन केले आणि मराठी मंडळ्यांच्या उपासनेला अभंगांची जोड दिली.

आज उच्च ईश्वरविज्ञान बव्हंशी इंग्रजीतून शिकविले जाते, तर खेड्यातील उपासना मराठीतून चालते. इंग्रजी ग्रंथांवर पोसलेला नवपदवीधर मंडळीपुढे उभा राहतो, तेव्हा त्याचे मराठी अनेकदा भाषांतरासारखे होते. ऐकणारे आदराने ऐकतात, पण त्यांच्या मनाला ते भिडत नाही. कॅनन कायद्याचे २४९ वे कलम याजकपदाच्या उमेदवाराला त्याची मातृभाषा नीट शिकवावी, असे सांगते, ते उगाच नव्हे. मातृभाषेवरील प्रभुत्व हाही सेवाकार्याच्या पात्रतेचा भाग मानला पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : 'पदवी आणि दीक्षा एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत.' हे विधान एका उदाहरणाने स्पष्ट करा.

५.८ सारांश

ख्रिस्ती सेवाकार्याच्या पदवीसाठी शैक्षणिक पात्रता, मंडळीची शिफारस, ग्रंथाभ्यास, समाजाचे भान आणि प्रत्यक्ष सेवा यांची अपेक्षा असते. पदवी देण्याचा अधिकार राजसनद, कायदा किंवा चर्चची सर्वोच्च सत्ता यांतून येतो. दीक्षेचा अधिकार मात्र केवळ चर्चचा असतो. म्हणून इच्छुकाने तीन प्रश्न विचारावेत : ही पदवी कोण देते? माझे चर्च ती मान्य करते काय? आणि पदवीनंतर मला कोणते काम करता येईल?

५.९ शब्दार्थ

मंडळी : एका ठिकाणच्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय.
पाळक : मंडळीची आध्यात्मिक काळजी वाहणारा, दीक्षा मिळालेला सेवक.
धर्मप्रांत : एका बिशपच्या देखरेखीखालील क्षेत्र.
बहिःशाल : वर्गात नियमित उपस्थित न राहता पूर्ण करावयाचा.

५.१० स्वाध्याय

१. श्रीरामपूरच्या राजसनदेचे शैक्षणिक महत्त्व विशद करा.
२. अभ्यासक्रमाच्या चार अंगांपैकी आपणांस सर्वांत आवश्यक वाटणारे अंग कोणते? कारणे द्या.
३. आपल्या परिसरातील कीर्तनकार, मौलवी किंवा पाळक यांच्यापैकी एकांशी बोलून त्यांचे शिक्षण कसे झाले आणि त्यांना धर्मकार्याचा अधिकार कोणी दिला, याची माहिती मिळवा व दोन पृष्ठांचे टिपण लिहा.