फी भरण्याआधी लॅब उघडायला लावा

चौकशी न करता प्रवेश घेतला, असं आता मला जे ऐकवतात त्यांना सांगते, मी विचारलं होतं. म्हैसूरच्या त्या खासगी संस्थेत स्पष्ट विचारलं, "डिजिटल किती शिकवता?" "सगळं डिजिटलच," असं उत्तर मिळालं. माहितीपुस्तिकेतही तेच छापलेलं. वर छायापत्रकार टी. एस. सत्यन यांच्या गावात फोटोग्राफी शिकायला मिळतेय, हे भाग्य समजा, असंही सांगितलं.

पहिलं सत्र ॲपर्चर-शटरच्या नोट्स उतरवण्यात गेलं. ते हवंच, त्याची तक्रार नाही. मग एका रविवारी राजवाड्याची रोषणाई रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, टिपली. सुमारे लाखभर दिवे आणि मागे काळोख. दिवे पांढरेफटक पडू नयेत आणि कमानींची नक्षीही दिसावी, म्हणून रॉ. लॅबमध्ये फाइल उघडेचना. तिथलं सॉफ्टवेअर माझ्या कॅमेऱ्याहून कितीतरी जुनं! सर म्हणाले, "जेपेगमध्ये काढायचं. रॉ हवंय कशाला?"

तिथेच कळलं, इथे डिजिटल शिकवणारं कोणी नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. हे मी घरी बसून शिकले. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्यातून ती फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्येही उघडता येते, हेसुद्धा.

फी परत मागायला गेले, तेव्हा प्रवेशाच्या वेळी कॉफी पाजणाऱ्या मॅडमनी मान वर केली नाही. "नियमात नाही," एवढंच. नियम दाखवा म्हटलं, तर तोही दाखवला नाही. याचा राग अजून आहे.

म्हैसुरात शिकायचंच असेल, तर सिद्धार्थनगरचं सरकारी चामराजेंद्र दृश्यकला महाविद्यालय, म्हणजे 'कावा', आधी बघा. तिथे फोटोग्राफी आणि फोटोजर्नलिझम हा स्वतंत्र विषय आहे. तिथेही अभ्यासक्रम मागून वाचा. पदवी कुठल्या विद्यापीठाची, हे लेखी घ्या. पावती जपा. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघा आणि त्यांना शिक्षकांसमोर नव्हे, बाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारा. लॅबमधले मॉनिटर कॅलिब्रेट करतात का, कशाने करतात, हेही विचारा. प्रश्नच समजला नाही, तर तिथून निघा.

आणि जाताना कार्डावर स्वतःची एक रॉ फाइल न्या. ती त्यांच्या संगणकावर तुमच्यासमोर उघडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.