सभासदांचे समाधान : मोजमाप आणि अर्थ

प्रस्तावना

गावच्या तालमीत वस्तादाला प्रत्येक पठ्ठ्याचे नाव, घर आणि खुराक ठाऊक असे. एखादा पठ्ठा दोन दिवस आखाड्यात दिसला नाही, की त्याच्या घरी निरोप जाई. आजच्या व्यायामकेंद्रात शेकडो सभासद असतात. ते वर्गणी भरतात, व्यायाम करतात आणि घाम पुसत निघून जातात. त्यांपैकी समाधानी कोण आणि मुदत संपताच पाठ फिरवणार कोण, हे केवळ चेहऱ्यांवरून कळत नाही. म्हणून समाधान मोजावे लागते. ते कसे मोजतात आणि मोजताना चूक कोठे होते, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला –
• अपेक्षा, अनुभव आणि समाधान यांचा परस्परसंबंध सांगता येईल;
• प्रश्नावलीतील सदोष प्रश्न ओळखून ते दुरुस्त करता येतील;
• सरासरीमागे दडलेले वास्तव शोधता येईल.

मूळ पाठ

1. समाधान म्हणजे काय?

एकाच केंद्रात दोन सभासद येतात. एकाला धावण्याचे यंत्र मोकळे मिळाले, की पुरे. दुसऱ्याचा गुडघा दुखतो. प्रशिक्षकाने जवळ उभे राहून व्यायाम शिकवावा, अशी त्याची अपेक्षा असते. दोघांना मिळालेली सेवा सारखीच असूनही पहिला संतुष्ट होतो आणि दुसरा नाराज होतो. याचा अर्थ, समाधान केवळ सेवेवर अवलंबून नसते. अपेक्षेच्या तुलनेत अनुभव कसा आला, यावर ते ठरते. रिचर्ड ऑलिव्हर या अभ्यासकाने 1980 मध्ये हा विचार सूत्रबद्ध रीतीने मांडला.

परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी 1988 मध्ये सेवेचा दर्जा मोजण्यासाठी 22 विधानांची ‘सर्व्हक्वल’ ही मापनपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात सेवेची पाच अंगे मानली आहेत. व्यायामकेंद्राच्या संदर्भात ती अशी सांगता येतील :

• दृश्य सुविधा – यंत्रे, स्वच्छता, हवा, प्रकाश;
• विश्वसनीयता – ठरलेल्या वेळी केंद्र उघडणे, दिलेले वचन पाळणे;
• तत्परता – बिघडलेले यंत्र किंवा तक्रार यांची लगेच दखल घेणे;
• आश्वासकता – प्रशिक्षकाच्या ज्ञानामुळे व वागण्यामुळे वाटणारा भरवसा;
• आस्था – प्रत्येक सभासदाची प्रकृती व गरज ओळखून लक्ष देणे.

2. प्रश्न कसे विचारावेत?

‘आमची यंत्रे आणि प्रशिक्षक उत्तम आहेत, असे तुम्हाला वाटते ना?’ या प्रश्नात दोन दोष आहेत. एक म्हणजे, त्यात दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. यंत्रे चांगली, पण प्रशिक्षक उदासीन असतील, तर उत्तर काय द्यावे? दुसरा दोष असा, की प्रश्नातच अपेक्षित उत्तर सुचवले आहे. त्याऐवजी ‘प्रशिक्षक माझ्या शंकांचे निरसन करतात’ असे एकच विधान द्यावे आणि त्यापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय ठेवावेत. मतांची तीव्रता अशा श्रेणींनी मोजण्याची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडली.

प्रश्नावली कोणासमोर भरली जाते, हेही महत्त्वाचे असते. प्रशिक्षक शेजारी उभा असेल, तर सभासद भिडेपोटी चांगलेच लिहितो. म्हणून प्रश्नावलीवर नाव नसावे आणि ती बंद पेटीत टाकण्याची सोय असावी.

3. आकड्यांमागची माणसे

आता एक कल्पित उदाहरण पाहू. एका केंद्रातील दहा सभासदांनी 5 पैकी गुण दिले. सकाळच्या पाच जणांनी प्रत्येकी 5, तर संध्याकाळच्या पाच जणांनी प्रत्येकी 2 गुण दिले. एकूण गुण 35, म्हणजे सरासरी 3.5. चालकाने ‘ठीक चालले आहे’ असा निष्कर्ष काढला. वस्तुतः 3.5 गुण देणारा सभासद तेथे एकही नव्हता! संध्याकाळी गर्दीमुळे प्रत्येक यंत्रापुढे रांग लागत होती. ही गोष्ट सरासरीने झाकून टाकली. म्हणून सरासरीबरोबर प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला, हेही वेळेनुसार पाहावे.

याहून मोठी चूक म्हणजे, जे येतात त्यांनाच विचारणे. जे येईनासे झाले, त्यांचे मत पेटीत पडतच नाही. आणि खरे कारण बहुधा त्यांनाच ठाऊक असते. वस्ताद गैरहजर पठ्ठ्याकडे निरोप धाडी, त्यामागे हीच जाण होती.

शेवटी प्रश्न न्यायाचा आहे. संध्याकाळच्या कमी गुणांचे खापर त्या वेळच्या प्रशिक्षकावर फोडून त्याचा पगार कापला, तर गर्दी कमी होणार नाही. एक निरपराध माणूस मात्र दुखावला जाईल. मोजमाप हे दोष शोधण्याचे साधन आहे, दोषी शोधण्याचे नव्हे. सभासदांनी सांगितलेले ऐकून काय बदलले, हे त्यांना कळवले, तरच पुढच्या वेळी ते मनापासून लिहितील.

शब्दार्थ

वस्ताद – कुस्ती शिकवणारा गुरू
पठ्ठा – वस्तादाचा शिष्य
भीड – संकोच
खापर फोडणे – दोष दुसऱ्यावर ढकलणे

तुम्ही काय शिकलात?

• समाधान अपेक्षा व अनुभव यांच्या तुलनेतून ठरते.
• एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी व उत्तर सुचवू नये.
• सरासरीइतकेच गुणांचे विभाजन आणि गैरहजरांचे मत महत्त्वाचे असते.

स्वाध्याय

1. सेवेची पाच अंगे तुमच्या परिसरातील वाचनालयाला लावून प्रत्येकी एक उदाहरण द्या.
2. ‘येथील स्वच्छता आणि वेळा तुम्हाला आवडतातच ना?’ हा प्रश्न दुरुस्त करून लिहा.
3. आठ सभासदांनी 5, 5, 5, 5, 1, 1, 1, 1 असे गुण दिले. सरासरी काढा. ती दिशाभूल का करते, ते स्पष्ट करा.
4. ‘मोजमाप हे दोष शोधण्याचे साधन आहे, दोषी शोधण्याचे नव्हे.’ या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.