चित्राला ‘नाही’ म्हणता येतं का?

प्रश्न : अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनात मी हमखास गोंधळते. ‘चित्राची स्वतःची भाषा असते, अर्थ विचारू नका,’ असं जाणकार सांगतात. भाषाच असेल, तर तिचा अर्थ शब्दांत का सांगता येऊ नये?

उत्तर : जाणकारांचं म्हणणं निम्मंच खरं आहे. भाषेतली अगदी साधी कामंसुद्धा चित्राला जमत नाहीत. नकाराचंच घ्या. ‘खोलीत मांजर नाही’ हे लहान मूलही सांगतं. चित्रात मात्र नुसती रिकामी खोली दिसेल. तिथे मांजर नाही, हत्ती नाही की सासूबाई नाहीत, हे कळायचं कसं? ‘जर-तर’ आणि ‘कदाचित’ यांचीही तीच गत. बेल्जियमचे चित्रकार रने माग्रित यांनी १९२९ मध्ये हुबेहूब पाइप रंगवला. पण ‘हा पाइप नव्हे’ एवढं सांगायला त्यांनाही चित्रात अक्षरंच लिहावी लागली.

आता शब्दांची अडचण बघा. ‘पिवळा’ हा शब्द हळदीलाही चालतो, झेंडूलाही आणि जुन्या वर्तमानपत्रालाही. शब्द रंगाची जात सांगतो, नेमकी छटा त्याच्या हाती लागत नाही. शिवाय वाक्यात शब्द एकामागून एक येतात. चित्र एकदम समोर येतं आणि सुरुवात कुठून करायची, हे डोळा ठरवतो.

चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांनी नेमकी हीच जागा धरली. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणंही त्यांना पटत नसे. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. त्यांच्या बहुतेक चित्रांना शीर्षकही नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत, खरवडून काढत. जवळ जाऊन पाहिलं, तर रंग कुठे दाट, कुठे विरळ असतो आणि खालचा थर वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो. याला ‘पिवळ्यावर तपकिरी’ म्हटलं तर त्यात खोटं काही नाही, पण ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडतही नाही.

म्हणून चित्र आणि शब्द यांची फारकतच करायला हवी, असं मात्र नाही. वारली लग्नात सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, चौकात पालघट देवी असते. पण तेवढ्याने भागत नाही. लग्न लावायला धवलेरी, म्हणजे स्त्री-पुरोहित, लागते आणि तिची गाणीही लागतात.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनात ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न थोडा लांबणीवर टाका. कुठला रंग वर आहे, कुठला खाली, नजर कुठे अडते, हे आधी बघा. हे शब्दांत सांगता येतं. आणि कुणी जाणकार ‘अर्थ विचारू नका’ म्हणालाच, तर हेच प्रश्न त्याला विचारा. त्याने चित्र खरोखर पाहिलं असेल, तर तो बोलेल.